दहा टक्के कुणाचे?

मित्राकडे अडकलेले पैसे मागावेत का, आणि मागितले तर मैत्री राहील का, ही काळजी घेऊन माझ्याकडे, समुपदेशकाकडे, नाना तऱ्हेची माणसं येतात. धंद्यातले भागीदार, भिशीतल्या मैत्रिणी, एकत्र जमीन घेतलेले वर्गमित्र. समीरचा प्रश्न तोच होता, पण त्याचं जग मला समजून घ्यावं लागलं. तो पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धा खेळून पोट भरतो. त्याच्या परवानगीने लिहिते आहे. नावं, रकमा आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

तिशी ओलांडलेला, पुण्यातली आयटीतली नोकरी सोडलेला मुलगा. स्पर्धा असतात तेव्हा पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर, अधूनमधून व्हिएतनाम. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले. त्यामुळे घरी बसून होणारी त्याची रोजची कमाई थांबली आणि सगळा भार प्रवास करून खेळायच्या स्पर्धांवर आला.

पहिल्या भेटीत मी व्यसनाची चौकशी केली. घरखर्चाचे पैसे लावता का, हरलेलं भरून काढायला त्याच रात्री आणखी मोठी रक्कम लावता का, घरी खोटं सांगता का, थांबायचं ठरवलं तर थांबता येतं का. ही चौकशी मी कधीच टाळत नाही. खेळात कौशल्य असलं तरी व्यसन लागू शकतं. समीर खेळायचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवतो, प्रत्येक स्पर्धेची नोंद करतो, ठरलेली मर्यादा संपली की घरी येतो. हे मी त्याच्या बहिणीशी बोलूनही पडताळलं. वाचताना ज्यांची उत्तरं वेगळी आली असतील त्यांनी मैत्रीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी मदत घ्यावी. जुगाराचं व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

समीरचं दुखणं वेगळं होतं. त्या दुखण्याचं नाव रोहन.

दोघांची ओळख स्पर्धेतच झालेली. गोव्यात एकच खोली, एकच स्कूटर, रात्री उशिरापर्यंत दिवसभरातल्या हातांची, म्हणजे पत्त्यांच्या डावांची, चर्चा. एका टेबलावर आले तर एकमेकांना सूट द्यायची नाही, हा खेळाचा नियमच आहे. मित्र म्हणून हात सैल सोडला तर दंड होतो, स्पर्धेतून काढूनही टाकतात. एकदा रोहनने समीरला अगदी बक्षिसाच्या तोंडावर बाहेर काढलं होतं, आणि त्याच रात्री दोघं एकत्र जेवले होते. हे सांगताना समीरचा चेहरा खुलला. मला त्यातच या मैत्रीची ताकद दिसली. समोरासमोर हरवूनही न दुखावणारी ही मैत्री मग कशाने दुखावली?

तर ‘स्वॅप’मुळे. मोठ्या स्पर्धेत शंभरातल्या साधारण पंधरा जणांनाच बक्षीस मिळतं, आणि खरी रक्कम शेवटच्या दोन-चार जणांतच वाटली जाते. चांगल्या खेळाडूचेही महिनेच्या महिने कोरडे जातात. म्हणून मित्र आपसांत वाटा बदलून घेतात: तू जिंकलास तर तुझ्यातले दहा टक्के माझे, मी जिंकलो तर माझ्यातले दहा तुझे. बहुतेक वेळा हे चहाच्या टपरीवर, एका वाक्यात ठरतं. कागद नाही, मेसेजही नाही.

त्या वेळी समीर लवकर बाद झाला, पुन्हा पैसे भरून बसला, पुन्हा बाद झाला. रोहन मात्र थेट शेवटच्या टेबलापर्यंत गेला. बक्षीस वीस लाख. ३० टक्के कर जागेवर कापून हाती यायचे चौदा लाख. समीरच्या हिशेबाने त्याचे एक लाख चाळीस हजार. रोहनने ग्रुपवर ‘पार्टी माझ्याकडून’ असं टाकलं आणि बाकी काहीच बोलला नाही. आठवड्याने समीरने आडून विषय काढला, तर रोहन म्हणाला, “अरे, आपलं रविवारच्या छोट्या स्पर्धेपुरतं होतं ना?” समीर म्हणाला, “ठीक आहे रे, काही नाही.” आणि त्या दिवसापासून त्याने रोहनचे फोन घेणं बंद केलं.

मी विचारलं, “फसवलं असं वाटतंय का?” तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, “मॅडम, त्याचं खरं वाईट वाटत नाहीये. शेवटच्या टेबलाजवळ दोरीपाशी उभा राहून मी घसा बसेपर्यंत ओरडत होतो. ते त्याच्यासाठी होतं की माझ्या दहा टक्क्यांसाठी, तेच मला कळेनासं झालंय.”

या वाक्यावर आम्ही बराच वेळ काम केलं. मला वाटतं, दोन्हींसाठी होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. एकत्र शेती करणारे भाऊ पावसाची वाट पाहतात तेव्हा त्यांची माया आणि त्यांचं पोट वेगळं काढता येत नाही. समीरला मात्र स्वतःचा स्वार्थ दिसला आणि त्याने आपलं सगळं प्रेमच खोटं ठरवलं. पैसे मागायचा हक्कही त्याने त्याच तिरीमिरीत सोडून दिला. आपल्याकडे म्हणतातच, भीड भिकेची बहीण. इथे भिडेने नुसते पैसे जात नव्हते, माणूस जात होता.

त्याच्या डोक्यात तीन गोष्टींचा गुंता झाला होता: नक्की काय ठरलं होतं, किती रक्कम निघते, आणि ‘ना?’ म्हणत रोहनने विषय उडवला त्याचं दुःख. त्याने मेसेजचे मसुदे लिहून आणले. पहिल्यात नुसता संताप, दुसऱ्यात नुसती माफी. रिकाम्या खुर्चीत रोहन बसला आहे असं धरून बोलायचा सरावही केला, आणि तिथे तो रडला. शेवटी गेला तो मेसेज साधा होता: “मला वाटलं होतं स्वॅप सगळ्या स्पर्धांसाठी आहे. तू तसं समजला नव्हतास का? भेटून बोलू. मी गप्प बसलो तेही बरोबर नव्हतं.”

भेटीत कळलं ते समीरच्या कल्पनेतही नव्हतं. रोहन स्वतःच्या पैशांवर खेळतच नव्हता. वर्षभर हरत गेल्यावर त्याने एका गुंतवणूकदाराचे पैसे घेतले होते. अशा व्यवहारात आधीचा तोटा पूर्ण फिटेपर्यंत खेळाडूला काही मिळत नाही. उरलेलंच वाटून घ्यायचं. चौदा लाखांतले आठ लाख जुन्या तोट्यात गेले, उरलेल्या सहांतले निम्मे गुंतवणूकदाराचे. रोहनकडे आले तीन लाख. सगळीकडून अभिनंदन होत होतं, आणि आपण दुसऱ्याच्या पैशांवर खेळतो हे खोलीत शेजारी झोपणाऱ्या मित्राला सांगायची त्याला लाज वाटत होती. जो वाटा त्याचा नव्हताच, तो त्याने स्वॅपमध्ये देऊ केला होता.

ही चूक लहान नाही आणि मी ती लहान करून सांगणार नाही. समीरलाही मी ‘समजून घ्या’ म्हटलं नाही. किती सोडायचं हे त्याने ठरवायचं होतं. त्याने साठ हजारांवर मिटवलं, हप्त्यांनी, आणि या वेळी लेखी.

एका भेटीत त्याने मला निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांच्याबद्दल सांगितलं. २०१७ मध्ये लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये या दोघांनी जोडीची स्पर्धा जिंकली. पैशांऐवजी वापरायच्या चिप्सचा एकच ढीग, आळीपाळीने एकाच खुर्चीत बसायचं. तो म्हणाला, “तिथे निदान दोघांनाही ठाऊक असतं की खुर्ची दोघांची आहे.”

आता समीर आणि रोहन गोव्याला एकत्र जातात, खोल्या वेगळ्या घेतात. स्वॅप करत नाहीत. पुढे केलाच तर स्पर्धेचं नाव, कर कापून की आधी, पुन्हा भरलेले पैसे धरायचे की नाही, हे तिथल्या तिथे मेसेजवर लिहायचं असं ठरलंय. हातांची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे, पूर्वीइतकी रोज नाही. रोहनही एका समुपदेशकाकडे जाऊ लागला आहे. समीर माझ्याकडे अजून येतो, पण आता विषय वडिलांचा आहे. नोकरी सोडल्यापासून ते त्याच्याशी कामाबद्दल अवाक्षर बोललेले नाहीत, आणि सुरुवात कुणी करायची यावर आमचं बोलणं चालू आहे.