वजन ६२ किलो, तरी एचबीए१सी ६.१? बारीक माणसालाही डायबेटिस होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, उंची पाच फूट सात इंच, वजन ६२ किलो, खराडीला आयटीत नोकरी, आईला डायबेटिस. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज, ६.१ आला. रिपोर्ट चुकलाय का, बारीक माणसाला हे होतंच कसं, नवीन संशोधन काय म्हणतं आणि सध्या गाजतंय ते वजन उतरवायचं इंजेक्शन घ्यावं का?

मी डॉक्टर नाही, एका पतसंस्थेत हिशेब बघतो. पण २०१४ पासून हे दुखणं माझ्याबरोबर आहे आणि मीही तुमच्यासारखाच बारीक, म्हणून लिहितोय.

माझं कळलं ते खांद्यावरून. डावा हात वर जाईना. पीएमपीच्या बसमध्ये वरचा दांडा धरता येईना, शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. हाडांच्या डॉक्टरांनी हात मागे वळवून बघितला, 'फ्रोझन शोल्डर' म्हणाले आणि पुढचाच प्रश्न, "शुगर कधी तपासलीत?" मी हसलो. म्हटलं, मला कसली शुगर, त्रेसष्ट किलो वजन माझं. ते काही न बोलता चिठ्ठी लिहीत राहिले. एचबीए१सी आला ७.९. डायबेटिसवाल्यांमध्ये खांदा असा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या तीन वर्षं आधी एका शिबिरात माझी फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, ११८ आली होती. तिथल्या माणसानं मला वरून खाली न्याहाळलं आणि "बॉर्डरलाइन आहे, पण तुम्ही काय, बारीक आहात" म्हणून पुढच्याला हाक मारली. मलाही तेच ऐकायचं होतं. त्या तीन वर्षांचा राग अजून येतो, निम्मा त्याच्यावर, निम्मा स्वतःवर.

रिपोर्ट चुकलाय का, हे आधी बघू, कारण तशी शक्यता असते. शरीरात लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. थॅलेसेमिया मायनर किंवा रक्तपेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर उलट कमी दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या. ते ठीक असेल तर ५.७ ते ६.४ हा प्रीडायबेटिसचा, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्याचा, पट्टा आहे आणि तुम्ही त्यात आहात. देशभर घरोघरी फिरून केलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यांच्या अंदाजानुसार भारतात डायबेटिसचे १०.१ कोटी लोक आणि प्रीडायबेटिसचे १३.६ कोटी. तेव्हा एकटे आहात असं समजू नका.

आता बारीक असण्याचा मुद्दा. याचं निम्मं उत्तर तुमच्याच पुण्यात, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये शोधलं गेलंय. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक पानभर मजकूर छापला. दोघांचा फोटो शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. दोघांची आडनावं इंग्रजी वाय अक्षरापासून सुरू होतात म्हणून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. मी तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या जुन्या नोंदीतून बीएमआय काढला. १६८ सेंटिमीटर, ६३ किलो. २२.३! तराजूला मी फसवत होतो, चरबीला नाही.

ही चरबी येते कुठून? मला वाटायचं ऑफिसातली खुर्ची आणि आइस्क्रीम घातलेली मस्तानी. ते आहेच, पण गोष्ट त्याच्या फार आधी सुरू होते. १९९३ पासून याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. पूर्ण दिवसांची त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण कुठे काय कमी होतं ते बघा. पोटाचा घेर बराच लहान, म्हणजे आतले अवयव लहान, दंडही बारीक. पाठीवर फऱ्याखालची चरबी मात्र जवळपास गोऱ्या बाळांइतकी. स्नायूत काटकसर केलेली, चरबीत नाही. त्याच गावांत ज्या आया पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जरा मोठी निघाली, आणि निम्म्याहून जास्त आयांमध्ये बी१२ जीवनसत्त्व कमी होतं.

ही मुलं पुढे अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. त्यांतली जवळपास निम्मी कमी वजनाची होती, आणि तरी मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर सामान्य पातळीच्या वर निघाली. अठराव्या वर्षी! हे संशोधन २०२१ मध्ये छापून आलं. ज्यांची पोटातली वाढ कमी झाली आणि ज्यांचं स्वादुपिंड लहानपणापासूनच गरजेइतकं इन्सुलिन वाढवून देऊ शकत नव्हतं, त्यांच्यात हे जास्त दिसलं.

हे वाचलं आणि मी आईला फोन लावला. माझा जन्म १९७३ चा, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात मी पोटात. आई तेव्हा पुरंदरमध्ये दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खायला काय होतं विचारलं तर म्हणाली, "तांबड्या मिलोची भाकरी आणि कामावर मिळायची ती सुकडी. त्यातली निम्मी तुझ्या बहिणीला." मिलो म्हणजे तेव्हा बाहेरून आलेली तांबडी ज्वारी. यावरून माझ्या डायबेटिसचं कारण सिद्ध होत नाही, वडिलांकडूनही वारसा आहे. पण हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर भांडवल थोडं घेऊन जन्माला आलो आणि उचल मात्र पुण्यात येऊन मोठी केली. कातडीखाली चरबी ठेवायची जागा आपल्याकडे कमी. ती भरली की उरलेली यकृतात आणि स्वादुपिंडात जाऊन बसते. यकृत मग रात्रभर गरज नसताना साखर सोडत राहतं आणि सकाळची फास्टिंग वर जाते. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' असेल तर ती ओळ गाळून वाचू नका.

पोटातली ही चरबी ओळखायला तुम्हाला मशीन वगैरे नको. घरात रद्दी बांधायची सुतळी असेल. तुमच्या उंचीइतकी, डोक्यापासून टाचेपर्यंत, कुणाला तरी धरायला सांगून कापा. मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी बेंबीजवळून पोटाभोवती आली पाहिजे, श्वास न ओढता. टोकं जुळत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. तुमच्या बाबतीत ती मर्यादा ८५ सेंटिमीटर. माझ्या वेळी दोन टोकांमध्ये तीन बोटांचं अंतर राहिलं होतं. हातपाय काडीसारखे आणि मध्ये हा गोळा. त्याच सुमाराला आमचा शिंपीही म्हणाला होता, "मांडीचं माप तेच, कंबर दोन इंच सैल करायचीय ना?" त्यानं शिबिरवाल्यापेक्षा बरं निदान केलं होतं म्हणायला हरकत नाही.

अलीकडचं आणखी एक. २०१८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी प्रौढ वयातल्या डायबेटिसचे पाच गट पाडले. पुण्यात पंचेचाळीशीच्या आत डायबेटिस झालेल्यांना तीच फूटपट्टी लावली तेव्हा निम्म्याहून थोडे जास्त लोक इन्सुलिनच कमी बनवणाऱ्या गटात निघाले. युरोपातल्या टाइप टूच्या चित्रात असतो तसा लठ्ठ, इन्सुलिन भरपूर पण उपयोगी न पडणारा पेशंट इथे बहुसंख्य नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या जागतिक परिषदेत आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशननं 'टाइप फाइव्ह' असं नावही दिलं, कुपोषणातून येणाऱ्या डायबेटिसला. वेल्लोरच्या डॉक्टरांचं त्यात मोठं काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये तो प्रकार मान्य केला होता आणि १९९९ मध्ये यादीतून काढून टाकला. पण तो फार हडकुळ्या, लहानपणापासून उपाशी राहिलेल्या तरुणांमध्ये दिसतो. तुमच्या वजनावरून तुम्ही त्यात बसत नाही, उगीच गुगल करून स्वतःला चिकटवून घेऊ नका.

मग करायचं काय? मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलं ते इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डायबेटिस संशोधक रॉय टेलर यांचं म्हणणं. प्रत्येकाची चरबी पेलण्याची मर्यादा वेगळी असते, बीएमआय काहीही असो. स्वतःच्या मर्यादेच्या वर गेलात की साखर बिघडते, खाली आलात की सुधारू शकते. २०२३ मध्ये त्यांनी छोटा प्रयोग छापला. बीएमआय २७ च्या आत असलेले वीस डायबेटिसवाले, कमी कॅलरीचा आहार देऊन वजन टप्प्याटप्प्यानं उतरवलं. वीसपैकी चौदा जण औषधाशिवाय डायबेटिसच्या पातळीखाली आले, आणि त्यासाठी साधारण साडेसहा टक्के वजन कमी व्हावं लागलं. वीसच लोक, म्हणून त्यावर घर बांधू नका. मी ६३ चा ५९ झालो, वर्षभरात. सुतळीची टोकं जुळली. माझा एचबीए१सी आता ६.४ असतो, पण मेटफॉर्मिनची एक गोळी चालू आहे, म्हणून त्याला 'रिव्हर्स झाला' म्हणायला मी तयार नाही. उशिरा कळलं की भांडवल आणखी आटलेलं असतं. तुम्ही ६.१ वर आहात.

तुमच्या टप्प्यासाठी चेन्नईचा २००६ चा प्रयोग जास्त जवळचा आहे. प्रीडायबेटिसवाल्यांना आहार बदलायला आणि रोज अर्धा तास झपाझप चालायला सांगितलं. तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी घटलं, आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. म्हणजे ६२ चे ५२ व्हायची गरज नाही. तसं केलंत तर स्नायूच जातील आणि ते आधीच कमी आहेत. मी तळजाईला चालायला जातो, पण खरा फरक पडला तो घरी बैठका काढायला लागल्यापासून. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं. जेवणात भात अर्धा केला आणि उसळ दुप्पट. साबुदाणा खिचडीबद्दल मी काही लिहिणार नाही, घरात भांडण होतं.

एक मात्र मी चुकलो ते सांगतो. पाच-सहा वर्षांनी पायांना मुंग्या यायला लागल्या, मी डायबेटिसमुळेच असं धरून बसलो. बी१२ तपासलं तर तळाला. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी१२ उतरू शकतं, त्यात आम्ही शाकाहारी. तुम्ही गोळी घेत नसलात तरी शाकाहारी असाल तर एकदा बघा.

इंजेक्शन. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही औषधं थोतांड नाहीत. सेमाग्लुटाइडच्या २०२३ च्या प्रयोगात हृदयविकार आणि जास्त वजन असलेले, पण डायबेटिस नसलेले १७,६०४ लोक होते. त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकारानं मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. २०२४ मध्ये किडनीसाठीही चांगले निकाल आले. पण त्या हृदयविकाराच्या प्रयोगात घ्यायलाच बीएमआय किमान २७ लागत होता, तुमचा साडेएकवीस. उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. माझ्या ऑफिसातल्या एकानं कुणाच्या तरी सांगण्यावरून बारीक असताना मागवायचं ठरवलं होतं, त्याच्या डॉक्टरांनी चांगलं झापलं.

त्यापेक्षा आधी ग्लुकोज पिऊन करायची दोन तासांची तपासणी करून घ्या. बारीक लोकांमध्ये फास्टिंग ठीक आणि दोन तासांची जास्त असं होतं. माझी मुलगी तेवीस वर्षांची, ४८ किलो. तिची फास्टिंग ९१ आणि दोन तासांची १५२ निघाली, मर्यादा १४०. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात, कोमट आणि चिकट. तिनं नाक दाबून पाच मिनिटांत संपवलं आणि नंतर अर्धा तास माझ्याशी बोलली नाही. रात्रीपासून उपाशी जा. सकाळी सातलाच पोहोचा, आठनंतर लॅबमध्ये बसायला खुर्ची मिळत नाही. मधल्या दोन तासांत बसून राहायचंय, फेऱ्या मारायच्या नाहीत आणि कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचा वास आला तरी खाली उतरायचं नाही.