गावातल्या शाळेच्या दोन खोल्या पर्यावरणपूरक बांधायच्या आहेत. सुरुवात सोलरपासून करावी का?

तुम्ही लिहिलंय की गाव लातूरकडचं आहे, सध्या वर साधे पत्रे आहेत आणि मार्चनंतर दुपारी मुलांना वर्गात बसवत नाही. मी वास्तुविशारद आहे, खेड्यांतल्या शाळांची कामं केली आहेत. माझ्या मते सोलर सगळ्यात शेवटी. आधी छत आणि दिशा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतींपेक्षा छत जास्त तापतं. एकेरी पत्र्याची धग थेट मुलांवर उतरते. सोलरवर पंखा लावलात तरी तो तीच गरम हवा फिरवणार.

बुर्किना फासो देशातल्या गांदो गावची शाळा जरूर बघा. त्याच गावात जन्मलेल्या फ्रान्सिस केरे यांनी बर्लिनमध्ये शिकत असताना ती आखली, गावकऱ्यांनी हातभार लावून बांधली आणि 2001 मध्ये ती पूर्ण झाली. भिंती तिथल्याच मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांच्या. वर फटी ठेवलेलं विटांचं छत, आणि त्याच्याही वर लोखंडी कैच्यांवर उचललेला पत्रा. वर्गातली गरम हवा फटींतून वर जाते आणि मधल्या पोकळीतून वाऱ्याबरोबर निघून जाते. म्हणजे पत्रा तिथेही आहेच, फक्त तो मुलांपासून दूर आहे.

तुम्ही स्लॅब टाकणार असाल तर फिलर स्लॅबचा विचार करा. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट फारसं कामाचं नसतं. त्या जागी मंगलोरी कौलं बसवली की सिमेंट वाचतं, वजनही घटतं. मात्र हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. गच्चीवर दरवर्षी चुन्याचा पांढरा हात द्या.

आता दिशा. माझ्या पहिल्याच शाळेत मी खिडक्या पश्चिमेला दिल्या, रस्ता त्या बाजूला होता म्हणून. तीननंतर ऊन छज्जाखालून थेट बाकांवर यायचं. शेवटी बाईंनी काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली आणि भर दिवसा दिवे लावून शिकवायला लागल्या. ते बघून फार वाईट वाटलं. म्हणून लांब भिंती उत्तर-दक्षिण बाजूंना ठेवा, खिडक्या त्यांतच द्या. पश्चिमेची भिंत बंद, बाहेर कडुनिंब. फळा पूर्वेच्या भिंतीवर घेतलात तर उत्तरेचा शांत उजेड मुलांच्या डावीकडून येतो आणि उजव्या हाताने लिहिताना वहीवर सावली पडत नाही.

पाण्याचंही बघा. 100 चौरस मीटर छतावर 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे 70,000 लिटर. वाया जाणारं सोडलं तरी पन्नासेक हजार हाताशी येतं. टाकी मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ घ्या, पाण्याअभावी ते बंद राहिलं तर मोठ्या मुलींची शाळा बुडते.

आराखडा मंजुरीला पाठवण्याआधी शाळेतल्या बाईंना दाखवा. कुठल्या कोपऱ्यात मुलं दुपारी पेंगतात, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.