सोयरे की भाऊबंद?

प्रश्न : ‘लव्हाळ्यांच्या जातींमधील सोयरसंबंध जनुकीय चिन्हकांवरून तपासणे’ हे भाषांतर बरोबर आहे का?

‘सोयरसंबंध’ आधी काढा. सोयरीक लग्नाने जुळते. उत्क्रांतीतले नाते एका पूर्वजापासून उतरते, म्हणजे भाऊबंदांचे. ‘वंशसंबंध’ लिहा.

हा भेद जपायला हवा, कारण वनस्पतींत सोयरीकही घडते. लव्हाळ्यांच्या कुळातल्या कॅरेक्स या सुमारे २,००० जातींच्या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) संकर होतात. संकरित रोपात हरितलवकाचा (पेशीतल्या हिरव्या, अन्न बनवणाऱ्या घटकाचा) डीएनए बहुधा एकट्या आईकडून येतो, केंद्रकातला आयटीएस हा डीएनएचा पट्टा मात्र दोघांकडून. म्हणून मॅट-के या हरितलवकातल्या जनुकावरून काढलेली वंशावळ आणि आयटीएसवरून काढलेली वंशावळ कधी कधी जुळत नाहीत. आयटीएसमधल्या अक्षरांचा क्रम यंत्राने वाचल्यावर मिळणाऱ्या आलेखात एकाच जागी दोन शिखरे दिसली, तर दोन वेगळ्या प्रती मिसळल्याची शंका घ्यावी आणि प्रती क्लोन करून, म्हणजे एकेक वेगळी काढून वाढवून, स्वतंत्र वाचाव्यात.

‘चिन्हक’, म्हणजे नाते ओळखायला वापरलेला डीएनएचा तुकडा, चांगला शब्द आहे, पण ‘जनुकीय’ अडखळतो. आयटीएस हे जनुक नव्हेच; रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकांमधला तो मोकळा पट्टा. तिथले बदल रोपाला फारसे बाधत नाहीत, म्हणून ते साठत जातात आणि जवळच्या जातीही वेगळ्या ओळखू येतात. आरबीसीएल हे खरे जनुक, पण ते इतके सावकाश बदलते की कॅरेक्सच्या दोन सख्ख्या जातींत त्याचा क्रम सारखाच निघू शकतो. दोन्हींना सामावणारा शब्द ‘डीएनए-चिन्हक’. ‘चिन्हक’ऐवजी ‘दर्शक’ मात्र नको. एकटा क्रम काहीच दर्शवत नाही. अनेक जातींचे क्रम एकाखाली एक लावून, तुलनेसाठी बाहेरच्या गटातली एखादी जात सोबत घेतली की मगच नाते उलगडते.

कोब्रेसियाचे उदाहरण पाहा. हिमालयातल्या या रोपांत फळाभोवतीचे आवरण एका बाजूने उघडे, कॅरेक्समध्ये बंद पिशवीसारखे. म्हणून प्रजाती वेगळी धरली होती. डीएनएच्या वंशावळीत ती कॅरेक्सच्या पोटातच निघाली आणि २०१५ मध्ये तिथे विलीन झाली. शेजारी समजलेला घरातलाच निघाला!

राहिला ‘लव्हाळा’. ‘गवत’ लिहिले नाही हे उत्तम. गवताचा दांडा गोल आणि बहुधा पोकळ, लव्हाळ्याचा बहुधा तिधारी आणि भरीव. पण काही ठिकाणी लव्हाळा म्हणजे नागरमोथाच. साऱ्या गटाबद्दल लिहिताना ‘लव्हाळ्याच्या कुळातील जाती’ म्हणा.