थोडक्यात आणि टोकदार लिहिण्याविषयी

प्रश्न : मी शाळेत मराठी शिकवते आणि वार्षिकांकासाठी लहान स्फुटे लिहिते. जागा कमी असल्यामुळे मजकूर निम्म्यावर आणावा लागतो. तो लहान होतो, पण त्याला धार येत नाही. उलट तो कोरडा वाटू लागतो. असे का होत असावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मजकूर कमी करताना बहुतेक जण आधी तपशील वगळतात आणि निष्कर्ष तेवढा शिल्लक ठेवतात. टोकदार लेखनात याच्या नेमके उलट करावे लागते. तपशील राहू द्यावा आणि निष्कर्ष वाचकावर सोपवावा. याचे मला सर्वांत प्रिय असलेले उदाहरण आपल्याच मातीतले आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात सुमारे ७०० गाथा आहेत आणि प्रत्येक गाथा दोनच ओळींची आहे. त्यांपैकी एकीत पाणपोईवरचा प्रसंग आहे. वाटसरू डोळे वर करून आणि बोटे विरळ ठेवून पाणी पितो आहे; बोटांतून पाणी गळत असल्यामुळे त्याचे पिणे लांबत जाते. तो जसजसा वेळ लावतो, तसतशी पाणी घालणारी तरुणीही आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करत जाते. गाथा इथे संपते.

प्रेम, ओढ, लाज यांपैकी एकही शब्द कवीने वापरलेला नाही. विरळ बोटे, वर वळलेली नजर आणि पाण्याची धार एवढेच त्याने दाखवले आहे आणि उरलेले सारे आपल्याला आपोआप कळते. मूळ प्राकृतात ‘तीही’ या अर्थाचा जो छोटा अव्यय आहे, तो काढला तर एकट्या वाटसरूची लबाडी उरेल. तो आहे म्हणून दोघांमधला अबोल करार दिसतो. आपल्या स्फुटातील असे शब्द कोणते, हे ओळखल्याशिवाय काटछाट सुरू करू नये.

संक्षेपाचा दुसरा एक प्रकार आपल्या परंपरेत आहे आणि तो याहून अगदी वेगळा आहे. पाणिनीची संस्कृत व्याकरणाची सुमारे चार हजार सूत्रे पाठांतरासाठी रचलेली होती आणि अर्धी मात्रा कमी करता आली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माइतका आनंद होतो, असे त्यांच्याविषयी म्हटले जाते. ‘अष्टाध्यायी’ या त्याच्या ग्रंथाचे शेवटचे सूत्र तर ‘अ अ’ एवढेच आहे. ही शिस्त थोर आहे, यात शंका नाही. परंतु सूत्राला भाष्य लागते आणि गाथेला ते लागत नाही. आपल्या स्फुटांचे वाचक विद्यार्थी आणि पालक आहेत, त्यामुळे आपण गाथेची वाट धरावी.

प्रश्न : रोज सकाळी मोबाईलवर येणारे सुविचार दुपारपर्यंत विसरले जातात, पण आजीच्या तोंडच्या म्हणी मात्र आयुष्यभर लक्षात राहतात. दोन्ही छोटीच वाक्ये असताना हा फरक का पडतो? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : सुविचार ओळखण्याची एक साधी कसोटी सांगतो. त्यातील ‘यश’ हा शब्द काढून तिथे ‘सुख’, ‘संयम’ किंवा ‘समाधान’ घालून पाहावे. वाक्य तरीही तितकेच बरोबर वाटत असेल, तर ते मुळात काहीच सांगत नव्हते. म्हणीत अशी अदलाबदल करता येत नाही, कारण तिथे अंगण असते, पाणी असते, पळसाची पाने असतात.

दुसरे कारण मराठी वाक्याच्या घडणीत आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि त्यामुळे वाक्याचा सर्वांत जोरकस भाग पुष्कळदा ‘आहे’, ‘असते’, ‘होते’ अशा निस्तेज शब्दांवर खर्च होतो. म्हण हे क्रियापदच टाकून देते. ‘उथळ पाण्याला फार खळखळाट असतो’ हे विधान खरे आहे, पण ते केवळ माहिती देते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ असे म्हणताच ‘फार’ हा शब्द शेवटी येऊन बसतो आणि ऐकणाऱ्याला आपल्या ओळखीतला कोणीतरी आठवतो. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीत तर दोन तुकड्यांना जोडणारा ‘म्हणून’देखील नाही. नाचता न येणे आणि अंगणाला दोष देणे यांतला संबंध ऐकणाराच जोडतो आणि स्वतः जोडलेली गोष्ट माणूस सहसा विसरत नाही.

प्रश्न : टोकदार लिहायचे, तर कोणाला तरी दुखवावेच लागते का? माझे मित्र तसे मानतात आणि मला ते पटत नाही. (एक तरुण वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याला पटत नाही, ते योग्यच आहे. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तात लोकांचे हाल झाले, २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि त्यानंतर सरकारने साऱ्या शहरावरच राग काढायला सुरुवात केली. त्या वेळी ६ जुलैच्या ‘केसरी’ने विचारले, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या पाच शब्दांत शिवी नाही, आरोळी नाही, एकही अवजड शब्द नाही. घरात कोणी भलतेच वागू लागले, की वडीलधारी माणसे जे विचारतात, तेच इथे साम्राज्याला विचारले आहे आणि त्या घरगुती प्रश्नाने सरकारचा सगळा दरारा एका क्षणात उतरतो. (त्या वर्षीचा राजद्रोहाचा खटला या मथळ्यावर नव्हे, तर १५ जूनच्या अंकातील शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावर उभा राहिला आणि टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.) पुढे १८९८ मध्ये निघालेल्या ‘काळ’ पत्रात शिवराम महादेव परांजपे यांनी वक्रोक्तीचा असाच कस लावला. सत्तेला झोंबेल असे लिहिणे आणि माणसाला दुखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टोक वागण्याकडे रोखलेले असावे. रूप, जात, व्यंग किंवा बोलण्याचा ढंग यांकडे नव्हे. आपल्या म्हणींच्या साठ्यातही स्त्रियांना, जातींना आणि अपंगांना हिणवणाऱ्या कितीतरी म्हणी आहेत. त्यांची घडण कितीही चपखल असली, तरी मी त्या वापरत नाही आणि आपणही वापरू नयेत, असे मनापासून वाटते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना बोलण्याविषयी म्हटले आहे, ‘साच आणि मवाळ । मितुले आणि रसाळ’. खरे बोलणे सहसा कठोर असते आणि मोजके बोलणे सहसा रुक्ष असते, हे ज्ञानेश्वरांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी खरेपणाशेजारी मवाळपणा ठेवला आणि मोजकेपणाशेजारी रस. आपल्या मित्रांना ही ओवी जरूर दाखवावी.

प्रश्न : पुष्कळदा एखादे चमकदार वाक्य आधी सुचते. त्याच्याभोवती लेख रचावा का? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : रचावा, पण ते वाक्य शेवटासाठी राखून ठेवू नये, कारण मग सारा लेख त्याच्या स्वागताची तयारी करत बसतो. ते पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकावे आणि पुढे जावे. दोन दिवसांनी लेख वाचताना ते वाक्य झाकून पाहावे. लेखाचा अर्थ त्याच्याशिवाय पुरा होत असेल, तर ते वहीत उतरवून ठेवावे आणि लेखातून काढावे.