कामाला येणाऱ्या मावशींना आई वेगळ्या कपात चहा देते. बाकी ती त्यांच्याशी फार प्रेमाने वागते. तिला कसं समजावू?

'बाकी फार प्रेमाने वागते' हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरचेही फार प्रेमळ होते.

चोपडा तालुक्यात आमची शेती. कापूस, थोडी केळी. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, पावरा आदिवासी, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा, वयाने वडिलांहून मोठा. मी आठ वर्षांचा, त्याला नावाने हाक मारून अरे-तुरे करायचो. तो मला 'भाऊ' म्हणायचा. त्याचा कान तुटलेला कप गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. आजी वरून चहा ओतायची, पिऊन झाला की तो स्वतःच विसळून परत ठेवायचा. हीच आजी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आधी त्याला वाढायची. तो तापाने फणफणला तेव्हा काकांनी मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं, बिलही भरलं.

कॉलेजात असताना त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो. मला एकट्याला खाट, बाकी सगळे खाली. त्यांना जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे पेले, मला नवीकोरी कपबशी, किमतीची चिठ्ठी अजून बशीला चिकटलेली. त्याची बायको चहा वरून ओतत होती, कपाला हात न लावता. "भाऊ, आमना घरनं चालंल ना?" मी तीन कप प्यालो, उगाच.

घरी येऊन कोनाड्यातला कप उचलला आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीत ठेवला. आजी गप्प. काका भडकले. "त्याले काय कमी पडू दिनं आपन?" हे तेच काका, जे दर पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण ठोकायचे, की आपल्या अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावले. मी ते तोंडावर बोललो. वर्षभर अबोला. दुसऱ्या दिवशी सालदारानेच कप परत कोनाड्यात नेला. "ऱ्हाऊ दे भाऊ, घरमा भांडन नको."

तर आईला काय सांगायचं? समजावू नका. एक दिवस तुम्ही स्वतः मावशींच्या कपात चहा प्या, आईसमोर. आणि मावशींना 'अगं' म्हणत असाल तर आधी ते थांबवा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. दया करणारा वर उभा असतो, हे काकांना मरेपर्यंत पटलं नाही. अर्थात दवाखान्याचं बिल त्यांनी भरलं होतं, मी नाही, हेही खरं. आणि मावशींना विचारल्याशिवाय मोठा तमाशा करू नका. नोकरी त्यांची जाईल, तुमची नाही.

शेती आता चुलतभाऊ बघतो. सालदार नाही, ट्रॅक्टर आहे, माणसं रोजाने येतात. तो म्हणतो, आता कुठे राहिला भेद, सगळ्यांना कागदी कप. स्वतः कपबशीत पितो.