माघ संपेपर्यंत थांबू नकोस, आत्ताच जाऊन ये

या वेळचं पत्र निफाड तालुक्यातून आलंय. लिहिणारी २६ वर्षांची, माहेर रत्नागिरीकडचं, लग्नाला दोन वर्षं झालीत, घरची अडीच एकर द्राक्षबाग. ती लिहिते, "मावशी, मला इथली थंडी सहनच होत नाही. ह्यांना रात्रीची लाईट असली की बारा-एकला मोटार चालू करायला जातात, उसात बिबट्या दिसलाय म्हणतात, मी शेगडी खोलीत घेऊन दार लावून जागी बसते. सासूबाई म्हणतात कोकणातली नाजूक. मी रोज कॅलेंडर बघते, एकदाचा वसंत येऊ दे, मग आईकडे जाईन, मग बरं वाटेल. सारखं रडू येतं, हे वेडेपण आहे का?" खाली नाव लिहिलंय कुडकुडणारी.

अगं कुडकुडणारे, आधी ती शेगडी बाहेर काढ. बाकीचं पत्र नंतर वाच. दार-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं आणि आपल्याला वाटतं झोप आली, आणि माणूस त्या झोपेतून उठतच नाही. शेकायचं तर ओट्यावर शेक, आत यायच्या आधी निखारे पूर्ण विझव. आत दोन गोधड्या, पायात मोजे, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी. दिसायला कसंही दिसू दे, कोण बघतंय तिथे.

आता नाजूकपणाचं. तुझ्या माहेरी थंडी म्हणजे पायाशी असलेली चादर पहाटे गळ्यापर्यंत ओढायची, एवढीच. आणि निफाडला पारा पाच-सहावर येतो, कधी त्याच्याही खाली, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो तो काय उगाच? माझं सासर येवल्याचं, माहेर मुंबईचं, पहिल्या वर्षी मी भांडी घासताना रडायचे आणि सांगायचे डोळ्यात राख गेली. त्यामुळे वेडेपण वगैरे काही नाही. पण एक कर, आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे, कारण सगळं घर स्वेटरवर भागवतंय आणि आपल्यालाच हाडात थंडी वाजतेय असं असेल तर कधीकधी रक्त कमी असतं आणि आपण उगाच हवेला बोल लावत बसतो. रडणं दोन आठवड्यांच्या वर रोजचं झालं असेल, झोप-जेवण उडालं असेल, तर १४४१६ला फोन कर, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात लाज कसली.

रात्रीच्या लाईटचं तर अख्ख्या तालुक्याचं दुखणं आहे. नवऱ्याला सांग एकट्याने जायचं नाही, शेजारच्या बागवाल्याला पण त्याच वेळी लाईट असणार, दोघांनी मिळून जा, मोठी बॅटरी घ्या, मोबाईलवर गाणी लावा. मोबाईल ऑटो, म्हणजे घरबसल्या फोनवरून मोटार चालू-बंद करायचं यंत्र, बसवला तर निम्म्या खेपा वाचतील. सोलर पंपाचा अर्ज केलाय का तेही विचार, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातींना ५. आणि तू जागी बसून त्याचं काय राखण करणार गं? मोटार चालू झाली की एक मिस्ड कॉल द्यायचा, आणि तू झोपायचं.

पण तुझ्या पत्रातलं जे मला खरं टोचलं ते वेगळंच आहे. तू सगळं वसंतावर ढकलून ठेवलंयस. आई वसंतात, बरं वाटणं वसंतात. राणी, तू द्राक्षवाल्याच्या घरात आहेस! बाकी सगळीकडे झाडं थंडीत उघडी पडतात आणि चैत्रात पालवतात, तुमच्या बागेला भर थंडीत पानं असतात, घड असतात, आणि चैत्राच्या सुमाराला खरड छाटणी करून नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे जाड फाटे, उरतात. नवी फूट येते पण ती भर उन्हात, आणि तिच्या मागे विरळणी, सबकेन म्हणजे फुटीचा शेंडा खुडून नवी काडी घेणं, मजूर. त्याच्या आधी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, व्यापारी, क्रेट, पैसे कधी देतो याची धाकधूक. तेव्हा तुला कोण सोडणार माहेरी? मागच्या वर्षी सोडलं का? नाही ना, तूच लिहिलंयस की होळीला जायचं राहून गेलं.

म्हणून माझं म्हणणं, आत्ता जा. घड संजीवकात बुडवायचं डिपिंग झालं, विरळणी झाली, थंडीने मणी गुलाबी पडतात त्या पिंक बेरीच्या भीतीने घडांना पेपर लावून झाले असं तूच सांगतेस, आता मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे ते पिकायला लागेपर्यंत, त्यातल्या त्यात सवड आहे. बाग थंडीपासून वाचवायला पहाटे ठिबक सोडणं आणि शेकोट्या पेटवणं आठ दिवस नवरा आणि दीर बघतील. तिकडे आंब्याला मोहोर आलाय, काजूला आलाय, हवा उबदार आहे, तुला जो वसंत पाहिजे तो आत्ता तुझ्या आईच्या परसात आहे आणि तू इथे कॅलेंडर बघत बसलीयस.

सासूबाई बोलतील, बोलू देत. मला त्या पत्रावरून वाईट वाटल्या नाहीत, खवचट वाटल्या, त्यात फरक आहे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी तुझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढली हे तू जाता जाता लिहून गेलीस, मी ते वाचलं हो. त्यांना हेही विचार, त्या नवीन आल्या तेव्हा पहिली थंडी कशी काढली. आणि नवऱ्याशी रात्री मोटारीच्या घाईत बोलू नकोस, दुपारी बागेत डबा घेऊन जा आणि उन्हात बसून सरळ सांग, मला इथे एकटं वाटतं. थंडी वाजते असं सांगशील तर तो स्वेटर आणेल बिचारा.

आईला आज रात्रीच फोन कर. सासूबाईंना उद्या चहाच्या वेळी सांग, विचारू नकोस, सांग. आणि येताना कुळथाचं पीठ आण किलोभर, कुळथाचं पिठलं या थंडीतच खावं, त्यांना पण करून घाल, बघू मग नाजूक कोण म्हणतं ते.

तुझी मावशी