एंटँगलमेंट वापरून लाइटपेक्षा फास्ट मेसेज पाठवता येतो का?

नाही येत. एंटँगलमेंट म्हणजे दोन कणांमधलं असं नातं, की ते कितीही लांब असले तरी त्यांच्यावरच्या मोजणीची उत्तरं एकमेकांशी जुळतात. लोक चपलेचं उदाहरण देतात, म्हणजे जोडातली एक चप्पल ठाण्यात राहिली, दुसरी बॅगेतून ट्रान्स हार्बरने वाशीला गेली, तिथे बॅग उघडून डावी दिसली की ठाण्यात उजवी आहे हे लगेच कळतं, यात कसली आलीये जादू. पण हे उदाहरण अर्धंच बरोबर आहे बरं का. चपलेचं डावं-उजवं आधीच ठरलेलं असतं. कणांचंही तसंच असेल, आणि एकीकडच्या मोजणीचा दुसरीकडे काही परिणाम होत नसेल, तर दोन्हीकडची उत्तरं किती जुळू शकतात याला लिमिट आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने १९६४ मध्ये दाखवलं. नेहमीच्या टेस्टमध्ये या जुळणीचा एक आकडा काढतात, त्याचं लिमिट २ आहे आणि क्वांटम थिअरीप्रमाणे साधारण २.८३ पर्यंत जाता येतं. प्रयोगात खरंच २ च्या वर आकडे आले, त्याच कामासाठी आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

मग मेसेज का नाही? कारण वाशीवाल्याने आपल्या कणावर काहीही मोजलं तरी ठाणेवाल्याला त्याच्या कणावर आपलं फिफ्टी-फिफ्टी रँडमच दिसतं. जुळणी कळते ती दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि त्यासाठी फोनच करावा लागतो ना!